सेटिंग कुणी लावली?

‘पोरगा सेट झाला, पण सेट झाला नाही, कारण सेटिंग लागली नाही.’ हे वाक्य जालन्यात कुठल्याही चहाच्या टपरीवर उच्चारून बघा. ‘म्हणजे काय?’ असं विचारायला कुणी बशीतून तोंड वर काढणार नाही. पहिला सेट म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीची राज्य पात्रता परीक्षा, जी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. दुसरा सेट म्हणजे नोकरी पक्की होणं, पगार महिन्याच्या महिन्याला येणं आणि त्यामुळे मुलीकडच्यांनी फोन उचलणं. तिसरी जी सेटिंग, तिचा अर्थ कोशात शोधायची गरज नाही. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या कुठल्याही पीएच.डी.ला तो पाठ असतो. एका ओळीत तीनदा सेट, तिन्हींचे अर्थ वेगळे, आणि ऐकणाऱ्याचा एकदाही गोंधळ नाही. यातला पहिला तर क्रियापदसुद्धा नाही, तीन इंग्रजी आद्याक्षरांची मोळी आहे. पण मराठीच्या उंबऱ्याच्या आत आल्यावर कोण कुणाचा जन्मदाखला तपासतो? ज्या इंग्रजाच्या भाषेतून हा शब्द आला, त्याला मात्र हे वाक्य दहादा ऐकवलं तरी कळायचं नाही. यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की इंग्रजीचा सुळसुळाट झाला आणि मराठीचं आता काही खरं नाही. हा निष्कर्ष दर फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात व्यासपीठांवरून काढला जातो. दुसरा, आणि मला पटणारा, असा की ‘सेट’ आता इंग्रजी राहिलेलाच नाही. मराठीने त्याला घरात घेतलं, कामाला जुंपलं आणि पुरता बिघडवला. तेव्हा भाषा कुणी कुणाची बिघडवली, याचा एकदा नीट पंचनामा व्हायला हवा.

मूळचा ‘सेट’ हा काही लहानसहान गडी नव्हे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये २० खंडांत निघाली, तेव्हा तिच्यातली सर्वांत लांब नोंद याच शब्दाची होती. क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ, आणि ते उलगडून सांगायला साठेक हजार शब्द खर्ची पडले. एवढ्या शब्दांत आपल्याकडे एक कादंबरी होते आणि तिच्यावर परिसंवादही होतो. पुढे नव्या आवृत्तीचं काम चाललं असताना ‘रन’ या क्रियापदाने ६४५ अर्थांनिशी पहिला नंबर हिसकावला. इंग्रजांनी बसणं सोडून पळणं पत्करलं, एवढाच त्याचा अर्थ. तरी ‘सेट’चा दरारा कमी झालेला नाही. इंग्रजीत सूर्य सेट होतो, दही सेट होतं, मोडलेलं हाड सेट करतात. उंदरासाठी सापळा, पहाटेसाठी गजर, परीक्षेसाठी प्रश्नपत्रिका आणि मालासाठी भाव, सगळं सेटच करतात. मराठीत सूर्य मावळतो, दही लागतं, हाड बसवतात, सापळा लावतात, पेपर काढतात आणि भाव ठरवतात. मोंढ्यात तर तो ठरलेला असतो, शेतकऱ्याने फक्त ऐकायचा असतो. थोडक्यात, इंग्रजीने एकाच गड्यावर सारं शेत टाकलं, आणि आपण प्रत्येक कामाला वेगळं माणूस ठेवलं.

व्युत्पत्तीच्या वाटेने मागे गेलं तर गंमत आणखी वाढते. इंग्रजीत ‘सिट’ म्हणजे बसणं, आणि ‘सेट’ हे त्याचंच प्रयोजक रूप, म्हणजे बसवणं. आपल्याकडे बसणे-बसवणे किंवा लागणे-लावणे अशा जोड्या आहेत, तशीच ही. भाषेचे अभ्यासक या दोघांचं मूळ ज्या प्राचीन धातूत शोधतात, त्याचाच संस्कृतातला वंशज म्हणजे ‘सद्’. या ‘सद्’पासून सदन झालं, परिषद झाली, संसद झाली आणि सभासदही झाला. उपसर्ग बदलून ‘प्रसाद’ही त्याच घराण्यात जन्मला. म्हणजे सभासद, प्रसाद आणि सेटिंग ही एका रक्ताची भावंडं ठरतात. सहकारी संस्थेच्या निवडणुकीत ही तिघं हटकून एकत्र दिसतात, तेव्हा आपण उगाच नाक मुरडतो. हजारो वर्षांच्या ताटातुटीनंतर भाऊबंद भेटत असतात; त्यात वाईट काय?

आता कुणी विचारेल, इंग्रजीकडे ‘सेट’ आहे तर आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे ‘लागणे’ आहे. मोल्सवर्थने १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला आणि १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली. त्यातली या शब्दाची नोंद पाहिली की साहेबाच्या चिकाटीचं कौतुक वाटतं आणि त्याच्या हाताखालच्या शास्त्र्यांची दया येते. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, ठसका लागतो, नजर लागते, डोळा लागतो, सूर लागतो, निकाल लागतो, छडा लागतो, आग लागते आणि या सगळ्यातून वाचलेल्याची वाट लागते. ‘बोलू लागला’मध्ये हेच क्रियापद सुरुवात दाखवतं, ‘बोलावं लागलं’मध्ये सक्ती, आणि नवरदेवाच्या उखाण्यात दोन्ही एकाच वेळी. जालन्याच्या बसस्थानकात ‘अंबडची गाडी लागली’ म्हणजे ती फलाटाला येऊन उभी राहिली. तीच गाडी खड्ड्यांतून दहा किलोमीटर गेल्यावर आतलं कुणी ‘मला गाडी लागली’ म्हणालं, तर शेजाऱ्याने ताबडतोब खिडकीची जागा सोडायची असते. तीच गाडी, तेच क्रियापद. एकदा माणसं आत जातात, एकदा पोटातलं बाहेर येतं. या क्रियापदाचा धाक सर्वांत आधी ओळखला तो याच जिल्ह्यातल्या एकाने. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ मध्ये नारायण सूर्याजी ठोसर जन्मले. बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच ते खरोखरच सावध झाले आणि मांडवातून निसटले, अशी आख्यायिका आहे. लग्न करणं माणसाच्या हातात असतं. पण मराठीत लग्न ‘लागतं’, आणि एकदा लागलेलं सहसा सुटत नाही. अंतरपाट दूर व्हायच्या आत ज्यांना हे व्याकरण उमगलं, ते समर्थ झाले. बाकीचे सेटल झाले.

इतकं मातब्बर क्रियापद घरात असताना बाहेरून ‘सेट’ आणायची गरज काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला मोसंबीच्या बागेत जावं लागेल. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, आणि अंबड, घनसावंगी, बदनापूर या पट्ट्यातला बागायतदार निम्मं आयुष्य बहाराच्या गोष्टी करण्यात घालवतो. मृग, हस्त आणि आंबे असे तीन बहार. त्यातला एक धरायचा. आंबे बहार धरायचा तर आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा. जमीन बघून महिना-दोन महिने झाड तहानेलं ठेवायचं, पानं पिवळी पडून गळायला लागली की खत घालायचं आणि मग पाणी सोडायचं. माणसाला ताण दिला की तो रजेचा अर्ज टाकतो. मोसंबीला ताण दिला की ती फुलते. म्हणून व्यवस्थापनाचे धडे मोसंबीवरून गिरवणारे साहेब नेहमी फसतात. फुलं कितीही आली तरी त्यांतली थोडकीच फळ धरतात, बाकीची खाली सडा घालतात. या टप्प्याला कृषी विद्यापीठाची पुस्तिका ‘फळधारणा’ म्हणते, म्हातारी माणसं ‘फळ धरलं’ म्हणतात आणि आता सगळा तालुका म्हणतो ‘सेटिंग’. ‘काय म्हणती बाग?’ ‘सेटिंग व्हायली.’ यातलं ‘व्हायली’ अस्सल मराठवाडी, ‘सेटिंग’ अस्सल इंग्रजी, आणि दोघं एकाच बांधावर भाकरी सोडून बसलेले. हा शब्द कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवरून औषधाच्या बाटलीबरोबर फुकट आला; त्या काउंटरवर शेतकऱ्याला फुकट मिळालेली ती बहुधा एकमेव वस्तू. पण शब्द नुसते फुकट मिळाले म्हणून टिकत नाहीत. ‘फळधारणा’ला सरकारी इस्त्री होती, आणि ‘फळ धरलं’ म्हणायचं तर आधी ते धरायला हवं. मधले ते जिवाला घोर लावणारे पंधरा-वीस दिवस, ज्यात फूल गेलेलं असतं आणि फळाचा भरवसा नसतो, त्यांना ‘सेटिंग’ने नेमकं नाव दिलं. शब्द रिकाम्या जागेवर आला. कुणाला उठवून बसला नाही.

बागेतून बाहेर पडल्यावर मात्र या शब्दाने जिल्हाभर पाय पसरले. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. कंपनी निघाली तेव्हापासून बियाण्याच्या प्लॉटवरची भाषा इथे सर्वांच्या तोंडी आहे. संकरित कपाशीचं बियाणं हाताने बनवताना मादी वाणाच्या उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर संध्याकाळी काढून टाकतात आणि दुसऱ्या सकाळी नर वाणाचं फूल तिच्यावर फिरवतात. याला ‘क्रॉसिंग’ म्हणतात. इथे बोंड आपोआप लागत नाही; बायांच्या बोटांनी ते लावलेलं असतं, आणि कुणी किती काम केलं हे मजुरीच्या वहीत लिहिलेलं असतं. म्हणजे इथल्या सेटिंगला कर्ता आहे, किंवा बहुतेक ठिकाणी कर्ती आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे साक्षीला लागेल. औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळई काढतात. तिथे रोलांमधली फट जरा चुकली की सळईचं माप बिघडतं, म्हणून फट जुळवतात ती सेटिंग. मोबाइलच्या दुकानातला पोरगा आजोबांच्या फोनचं बारीक अक्षर मोठं करून देतो ते सेटिंग. कॉलेजच्या कोपऱ्यावर ‘त्याची तिच्याशी सेटिंग आहे’ ही आणखी निराळी, आणि कार्यालयाच्या जिन्यात आवाज खाली आणून जी बोलतात ती तर फारच निराळी. वरवर बघता मोसंबी, सळई, मोबाइल, प्रेम आणि टेंडर यांचा एकमेकांशी संबंध नाही. पण नीट पाहिलं तर पाचही ठिकाणी अर्थ एकच निघतो: आधी सगळं असं जुळवून ठेवायचं की पुढचं आपोआप घडल्यासारखं दिसावं. ऑक्सफर्डला ४३० खोल्या बांधाव्या लागल्या. जालन्याने एका पत्र्याखाली संसार थाटला.

यावर पहिला आक्षेप व्याकरणवाले घेतील. ते म्हणतील, तुम्ही गोष्ट क्रियापदाची सांगायला निघालात आणि दाखले देताय ‘सेटिंग’चे, जे नाम आहे. आक्षेप अगदी बरोबर आहे. फरक इतकाच की तो माझ्या बाजूची साक्ष आहे. इंग्रजी क्रियापद मराठीत क्रियापद म्हणून येतच नाही. ‘मी सेटतो, तू सेटतोस, ती सेटते’ असं कुणी म्हणत नाही. ‘सेटल’ या शब्दाच्या शेवटी तर आपल्या भूतकाळाचा ‘ल’ आयता आलेला होता. ‘बसला, उठला, सेटला’ म्हणायला कुणाची आडकाठी नव्हती. तरीही आपण ‘सेटल झाला’ असंच म्हणतो. साहेबाच्या देशात ४३० अर्थांचा रुबाब मिरवणारं क्रियापद इथे येताना काळ, पुरुष आणि वचन वेशीबाहेर ठेवून येतं, आणि मग त्याला हलवायला, चालवायला ‘करणे’, ‘होणे’, ‘लावणे’, ‘लागणे’ या घरच्या माणसांचा हात धरावा लागतो. ‘सेट करतो’मधला सेट जागचा हलत नाही, हलतं ते ‘करतो’. एवढ्यावर भागत नाही. मराठीत शिरल्यावर त्याला लिंगही घ्यावं लागतं, आणि इथे तीन लिंगं आहेत. बागेत सेटिंग स्त्रीलिंगी असते, ‘चांगली झाली’. मोबाइलमधलं सेटिंग नपुंसकलिंगी होतं, ‘बिघडलं’. भांड्यांचा सेट पुल्लिंगी असतो आणि लग्नात चार जणांकडून तोच येतो. जो शब्द आपला काळ स्वतः दाखवू शकत नाही, ज्याचं लिंग दुसरे ठरवतात, त्याला आक्रमक म्हणायचं की नव्याने नांदायला आलेली सून म्हणायचं, हे वाचकांनीच ठरवावं.

दुसरा आक्षेप शुद्धतेच्या कैवाऱ्यांचा. आज ‘सेट’ घेतलात, उद्या सगळंच घ्याल, असं त्यांचं म्हणणं. त्यांना मराठवाड्याचा इतिहास आठवून द्यायला हवा. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि दप्तराची भाषा उर्दू होती. त्याच्या आधीही कित्येक शतकं दरबारात फारसीचा अंमल होता. तेव्हा काय झालं? अर्ज करणे, मंजूर करणे, दाखल करणे, जप्त करणे, वसूल करणे, हजर होणे, माफ करणे. नामं आणि विशेषणं अरबी-फारसीतून येत राहिली, आणि शेपटीला आपलं ‘करणे-होणे’ जसंच्या तसं. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश झाला, तोही मुख्यतः पदं, वस्तू आणि कारखाने यांच्या परक्या नावांना संस्कृत पर्याय द्यायला. क्रियापदांची शुद्धी करण्याचा प्रश्नच फारसा नव्हता, कारण ती बाटलीच नव्हती. हां, काही शब्द फारच मुरले तेव्हा आपण त्यांना क्रियापदाचा मान दिलाही: बदलणे, खर्चणे, फर्मावणे, आजमावणे. पण त्यासाठी त्यांना काही शतकं उमेदवारी करावी लागली. ‘सेट’ला आपल्याकडे येऊन जुम्मा जुम्मा आठ दिवस झालेत. त्याला ‘सेटणे’ व्हायचं असेल तर अर्ज करावा, हजर राहावं आणि मंजुरीची वाट बघावी. सरकारी कामाला वेळ लागतो, आणि भाषेच्या कामाला त्याहून जास्त.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. तो स्वयंपाकघरातून येतो. दही विरजतात, वड्या थापतात, पाक जमतो, खरवस घट्ट होतो, लाडू वळतात. मोदकाची पारी करतात आणि तिला चुण्या पाडतात. प्रत्येक क्रियापदात हाताची एक वेगळी हालचाल आहे. आणि पाककृतीच्या व्हिडिओत मात्र एकच आज्ञा ऐकू येते: ‘हे सेट व्हायला ठेवा.’ दहीही सेट, वड्याही सेट, खरवसही सेट. विरजणे या शब्दात किती दूध, किती कोमट आणि किती विरजण, हा सगळा हिशेब मुरलेला होता. ‘सेट व्हायला ठेवा’मध्ये फक्त फ्रिजचं दार आहे. ही तूट खरी आहे. बागेत हा शब्द रिकाम्या जागेवर आला, असं मी वर म्हटलं; स्वयंपाकघरात तो लोकांना पाटावरून उठवून बसलाय, हेही कबूल करायला हवं. पण फिर्याद कुणावर करायची? ‘सेट’ एकटा तिथे बसूच शकत नाही, हे आपण आत्ताच पाहिलं. त्याला आत घेऊन पाट मांडणारा ‘करणे’ आपला आहे. ‘करणे’ हा आपल्या घरचाच असा गडी आहे की कुठल्याही कामाला हो म्हणतो, आणि म्हणून आपण बाकीच्यांना कामावरून काढतो. भांडी घासणे गेलं, ‘भांडी करणे’ आलं, त्यात इंग्रजीचा एकही शब्द नाही. तेव्हा विरजणे, थापणे, वळणे मरू घातली असतील तर खुनाचा आरोप साहेबावर ठेवून भागणार नाही; घरातल्या जबान्या घ्याव्या लागतील.

घरातल्या जबान्या घ्यायच्याच म्हटलं की आपण त्या जिन्यातल्या सेटिंगपाशी येऊन पोचतो. लोक म्हणतात, हा शब्द आला आणि व्यवहार नासला. पूर्वी माणसं कशी सरळ होती. मग ‘वशिला लावणे’ कुठून आलं? वशिला अरबीतून आलाय. त्याच्यानंतर क्रिकेट आलं आणि आपण ‘फिल्डिंग लावणे’ शिकलो. त्याच्याही नंतर ‘सेटिंग लावणे’. आणि या सगळ्यांच्या आधीपासून आपला घरचा ‘लग्गा लावणे’ होताच. चार शब्द, तीन भाषांतले, चार जमान्यांतले. पण चारही वेळा पुढचं ‘लावणे’ तेच. पाहुणे बदलत गेले, यजमान हलला नाही. वशिल्याच्या काळात ज्याला अरबी येत नव्हतं, त्यालाही वशिला लावता येत होता, आणि आज ज्याचा इंग्रजीचा पेपर तिसऱ्यांदा राहिलाय, त्यालाही सेटिंग उत्तम लावता येते. भाषेने भ्रष्टाचार आणला असता तर इंग्रजी न येणारी माणसं धुतल्या तांदळासारखी निघाली असती. तसा तांदूळ अजून कुठल्याही मोंढ्यात आलेला नाही.

खरी मेख आपल्या व्याकरणात आहे. ‘पोराला नोकरी लागली’ हे वाक्य घ्या. भूक लागते, ठसका लागतो, तशी नोकरी लागली. पोराचा दोष नाही आणि श्रेयही नाही, वाऱ्यावरून आली आणि लागली. तेच ‘नोकरी लावली’ म्हटलं की लगेच प्रश्न उभा राहतो, कुणी लावली? म्हणून ‘लावली’ कानात सांगतात आणि ‘लागली’ पेढ्यांबरोबर सांगतात. ‘काच फुटली’ म्हणणारं पोर मोठं झाल्यावर ‘पेपर फुटला’ म्हणतं. फोडणारा दोन्ही वेळा खोलीबाहेर असतो. आणि चुकून ‘लावली’ म्हणायची वेळ आलीच, तरी मराठी भूतकाळ मदतीला धावतो. त्याने सेटिंग लावली, तिने सेटिंग लावली, साहेबांनी सेटिंग लावली: कुणीही लावली तरी क्रियापद ‘लावली’च राहतं, कारण ते सेटिंगकडे बघून चालतं, लावणाऱ्याकडे ढुंकून बघत नाही. शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणतात. बाहेर याला क्लीन चिट म्हणतात. इंग्रजी बिचारी या गुन्ह्यात फक्त पिशवी पुरवते. पिशवीत काय घालायचं, ती कुणी उचलायची आणि उचललेली कुणाला दिसू द्यायची नाही, हा सगळा बंदोबस्त आपल्या ‘लागणे-लावणे’ने केलेला आहे.

म्हणून ‘सेटिंग’ शब्दावर बंदी घाला, असं मी म्हणणार नाही. मोसंबीच्या बागेत तो प्रामाणिक आहे. तिथे खरोखरच माणसाच्या हातात ताण आणि पाणी एवढंच असतं, बाकी आभाळाकडे बघायचं. २०१२-१३ च्या दुष्काळात याच जिल्ह्यातल्या बागा उभ्या वाळल्या, तेव्हा ‘सेटिंग लागली नाही’ या वाक्यात कुणी काही लपवत नव्हतं. कपाशीच्या प्लॉटवर तो त्याहून प्रामाणिक आहे, कारण तिथे लावणारीचं नाव वहीत आहे आणि तिची मजुरी समोर आहे. कर्ता लपवायची गरज फक्त जिन्यात पडते. त्यावर उपायही कुठल्या परिभाषा समितीकडे मागायला नको, तो प्राथमिक शाळेत सगळ्यांना शिकवलेला आहे: क्रियापदाच्या धातूला ‘णारा’ लावायचा आणि ‘कोण?’ असं विचारायचं, की कर्ता सापडतो. ‘सेटिंग लागली’ला हा प्रश्न विचारला तर लागणारी कोण? सेटिंग. म्हणजे सेटिंग स्वतःच कर्ती. तिने स्वतःला लावून घेतलं आणि ती घरी गेली. तेव्हा पुढच्या वेळी कुणी पेढा पुढे करत ‘लागली एकदाची’ म्हणालं, तर पेढा घ्या, इंग्रजी शब्दावर रागावू नका. फक्त ‘लागली’चं ‘लावली’ करा आणि बाईंनी शिकवलेला प्रश्न विचारा, लावणारा कोण?